गेममधल्या गाडीचं पेट्रोल आणि चालवणाऱ्याची झोप

"गेममधल्या गाडीला कसलं आलंय पेट्रोल?" मे महिन्यातल्या एका रात्री वहिनीनं मला विचारलं. पुतण्या आतल्या खोलीत कूलरसमोर स्टिअरिंग धरून बसला होता. कानाला हेडफोन असल्यामुळे आपण किती मोठ्यानं ओरडतोय याचा त्याला पत्ता नव्हता. "तीन लॅपचंच फ्यूल उरलंय रे, आत घेऊ का?" वहिनीला आधी वाटलं, मोटारसायकलमधलं पेट्रोल संपलं आणि हा मित्राला फोन करतोय.

असे प्रश्न आता बऱ्याच घरांत पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी जून २०२३ मध्ये सिंगापूरला ऑलिंपिक संघटनेनं भरवलेल्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत 'ग्रॅन टुरिस्मो ७' ही गाड्यांची गेम होती. म्हणजे पोरगं म्हणतं, "मी खेळतोय," तेव्हा ते अगदीच थाप मारत नाही. पण त्या खेळात गाडी मध्येच थांबवायची कशाला, आणि बसून खेळणारा थकतो तरी कसा, हे आईबापांना कोणी सांगत नाही. मी जळगावात तीस वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहिले. टायर, डिझेल आणि ड्रायव्हर, या तिन्हींचा खर्च माझ्याच वहीत यायचा. त्यामुळे पुतण्याचा खेळ मला वहिनीपेक्षा थोडा लवकर कळला.

पिट स्टॉप म्हणजे पारोळ्याचं स्टँड

रेसच्या रस्त्याला लागून एक गल्ली असते, तिला पिट लेन म्हणतात. तिथे गाडी थांबवून टायर बदलायचे, पेट्रोल भरायचं, मोडतोड झाली असेल तर दुरुस्त करायची. हा थांबा म्हणजे पिट स्टॉप. बाकी गाड्या तोवर पळत असतात.

नवख्याला वाटतं, वेळ जातो तो टायर बदलण्यात. तसं नाही. जळगावहून धुळ्याला जाणारी एसटी पारोळ्याला हायवे सोडून स्टँडात शिरते. उतारू चढायला दोन मिनिटं लागतात. पण वळायचं, गर्दीतून आत जायचं, रिव्हर्स घ्यायचा, परत हायवेला लागायचं, यात जास्त वेळ जातो. पिटचं तसंच. खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये चारही टायर बदलण्याचा विक्रम १.८० सेकंदांचा आहे, मॅक्लारेन संघानं २०२३ मध्ये कतारला केलेला. तरी त्या थांब्यानं एकूण नुकसान वीस सेकंदांच्या आसपास होतं, कारण पिट लेनमध्ये बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते आणि बाहेरच्या गाड्या तेव्हा तिपटीनं धावत असतात. चांगल्या गेममध्ये ही मर्यादाही असते आणि ती मोडली तर दंडही.

तेव्हा टायर बदलायला किती वेळ लागतो यापेक्षा, आत जाऊन बाहेर येईपर्यंत एकूण किती सेकंद गेले, ते विचारायचं. तो आकडा एकदा सरावात मोजून ठेवला की पुढचं सगळं बेरीज-वजाबाकीवर येतं.

मऊ खोडरबर, कडक खोडरबर

टायरचं गणित शाळेतल्या पोरालाही समजेल. मऊ खोडरबर झटकन पुसतं पण लवकर झिजतं. कडक खोडरबर महिनोन्‌महिने टिकतं, पण पुसायला जोर लावावा लागतो. टायरही रबराचेच. मऊ टायर रस्त्याला घट्ट धरतो, गाडी वळणात वेगानं जाते, पण तो लवकर संपतो. कडक टायर जास्त फेऱ्या चालतो, पण हळू. फॉर्म्युला वनमध्ये मऊ टायरला लाल पट्टा, मधल्याला पिवळा, कडकला पांढरा. गेममध्येही हेच रंग दिसतात.

आता हिशेब मांडू. रेस ४० फेऱ्यांची. नवा टायर असेल तर फेरी ९० सेकंदांत होते आणि टायर झिजत जातो तशी प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा ०.१ सेकंदानं लांबते. एका पिट स्टॉपला २४ सेकंद जातात.

अजिबात न थांबता गेलात तर झिजेपायी एकूण ७८ सेकंद जातात. बरोबर मध्यावर एकदा थांबलात तर झिजेचे ३८ आणि थांब्याचे २४, मिळून ६२. दोनदा थांबलात तर झिजेचे सुमारे २५ आणि थांब्यांचे ४८, म्हणजे जवळपास ७३. एक थांबा सगळ्यांत स्वस्त.

गंमत पुढे आहे. ग्रॅन टुरिस्मोसारख्या गेममध्ये टायरची झीज कितीपट धरायची हे रेस भरवणारा ठरवू शकतो. वरच्या उदाहरणात झीज दुप्पट करा. एका थांब्याचा खर्च १०० सेकंद होतो, दोन थांब्यांचा ९७. तीन केले तर पुन्हा १०८. कालपर्यंत जो शहाणपणा होता तो आज तोट्याचा झाला, आणि गाडी तीच, रस्ता तोच. म्हणून "अमक्यानं व्हिडिओत एकदाच थांबायला सांगितलं होतं" यावर रेस लावू नये. त्यानं कोणती झीज धरली होती ते आधी बघावं.

अंडरकट हा शब्द पोरांच्या तोंडी सारखा असतो, तोही यातूनच निघतो. पुढची गाडी ओलांडता येत नाही आणि दोघांचेही टायर वीस फेऱ्या जुने आहेत. तुम्ही तिच्या एक फेरी आधी आत गेलात. वरच्या हिशेबानं नव्या टायरवर तुमची फेरी तिच्यापेक्षा दोन सेकंदांनी छोटी होते. पुढच्या फेरीला ती आत जाऊन बाहेर येते, तेव्हा तुम्ही तिच्या पुढे निघालेले असता. रस्त्यावर ओव्हरटेक न करता.

एका फेरीचं पेट्रोल

फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून रेस चालू असताना पेट्रोल भरायला बंदी आहे, त्यामुळे तिच्या अधिकृत गेममध्येही आता भरत नाहीत. पण ल मॉंसारख्या लांब पल्ल्याच्या रेसमध्ये भरतात, आणि तिथे गणिताला खरी चव येते.

समजा एका टाकीत १३ फेऱ्या होतात आणि रेस ४० फेऱ्यांची आहे. तीन टाक्यांत ३९ फेऱ्या. एका फेरीसाठी तिसऱ्यांदा आत जावं लागणार! भरायचं पेट्रोल ग्लासभर, पण पिट लेनमधून जाण्याचा वेळ पूर्ण द्यायचा. तीच तीन टाक्यांची गाडी दर फेरीला अडीच टक्के पेट्रोल वाचवू शकली, तर थांबा वाचतो. वाचवायचं कसं? वळणाआधी ब्रेक दाबायच्या थोडं अलीकडेच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी तिच्या जोरावर जाऊ द्यायची. आमचे जुने ड्रायव्हर हे कोणी न शिकवता करायचे. लांब लाल सिग्नल दिसला की पाय उचलायचा. डिझेलच्या वहीत कोणाची गाडी आहे ते नाव न वाचताही मला कळायचं.

उलटी चूकही होते. टाकी उगाच गच्च भरायची. भरायला वेळ जातो, शिवाय जड गाडी वळणात सुस्त होते. शेवटच्या थांब्याला लागेल तेवढंच आणि वर अर्ध्या फेरीची शिल्लक, एवढं पुरे.

सगळ्याचा काटा आहे, एकाचा नाही

आता त्या रात्रीचं राहिलेलं सांगतो. रेस सहा तासांची होती, रात्री दहा ते पहाटे चार. संघ तिघांचा: पुतण्या जळगावात, एक मित्र भुसावळला, एक धुळ्याला. तिघांची गाडी एकच. ती पिटमध्ये उभी राहिली की एकानं सीट सोडायची आणि दुसऱ्यानं आपल्या घरून ताबा घ्यायचा. याला ड्रायव्हर बदल म्हणतात. एकानं सलग चालवलेल्या तुकड्याला स्टिंट म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवले तर पुढचं सोपं जाईल.

पहाटे तीनला धुळेकर फोन उचलेना. झोपला होता. भुसावळचा पुतण्याच्या आधी दोन तास चालवून उठला होता. पुतण्या म्हणाला, मीच चालवतो. त्याचा सलग दुसरा स्टिंट. तीन वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर लाल अक्षरांत पेट्रोलचा इशारा आला. त्यानं तो पाहिला, मोठ्यानं वाचलासुद्धा, आणि पिटचं वळण सोडून सरळ पुढे गेला. अर्ध्या फेरीनंतर गाडी रस्त्याच्या कडेला उभी. वीस मिनिटं राहिली होती.

मी मागे खुर्चीत बसून बघत होतो. त्या पडद्यावर काय नव्हतं? टायर किती उरला, ब्रेक किती तापले, पेट्रोल किती लिटर, रस्ता किती गरम. फक्त चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा काटा कुठेच नव्हता.

बहुतेक रेसिंग गेम अशाच असतात. गाडी थकते, चालक थकत नाही असं धरून चालतात. अपवाद आहेत. २०१० च्या 'ग्रॅन टुरिस्मो ५' मध्ये आपण स्वतः न चालवता संगणकाच्या ड्रायव्हरला सूचना द्यायचा एक प्रकार होता. त्यात त्या ड्रायव्हरची ताकद आणि मनःस्थिती पट्ट्यांवर दिसायची, आणि तो ढेपाळला की चुका करायचा. म्हणजे खोट्या माणसाच्या थकव्याला पट्टी होती. सोफ्यावरच्या खऱ्या माणसाला नाही.

"बसून तर असतो, थकायला काय होतं?"

हा वहिनीचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. खऱ्या रेसमधला उकाडा इथे नाही. ऑक्टोबर २०२३ च्या कतारच्या रेसमध्ये एका ड्रायव्हरला हेल्मेटमध्ये उलटी झाली आणि एकाला तब्येत बिघडल्यामुळे रेस सोडावी लागली. तसं काही खोलीत होत नाही. (भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लाइट गेली की कूलर बंद होतो, तेव्हा अगदीच होत नाही असंही म्हणवत नाही.)

पण थोडा जोर लागतो. चांगल्या स्टिअरिंगमधली मोटर हाताला उलटा ओढा देते. ८ न्यूटन-मीटरचं स्टिअरिंग असेल तर काठावर साधारण पाच किलोचा ओढा येतो, आणि तो हजारो वळणांत. तरी खरा थकवा हातांचा नसतो. दर दीड मिनिटाला तीच पंधरा वळणं, प्रत्येक ठिकाणी ब्रेकची जागा दोन-चार मीटरमध्ये पकडायची, आरशात बघायचं, मित्राशी बोलायचं, पेट्रोल मोजायचं. खऱ्या गाडीत पाठीला आणि पोटाला धक्के जाणवतात, त्यावरून शरीर आपोआप सावरतं. इथे सगळं डोळ्यांवर.

हा थकवा मोजता येतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. फेऱ्यांच्या वेळा बघा. ताजा माणूस ९२.१, ९२.३, ९२.२ असा चालवतो. थकलेला ९२.०, ९३.४, ९२.२, ९४.१ असा. मधूनच सगळ्यांत वेगवान फेरीसुद्धा मारतो, म्हणून त्याला स्वतःला वाटतं की आपण झकास चालवतोय. कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर गाडी चढवल्यावर आकडा स्थिर होईना, तर आधी काट्यात बिघाड बघायचा. तसंच हे. गेल्या दहा फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट वेळेतलं अंतर दुप्पट झालं, की पुढच्या थांब्याला माणूस बदला. त्याला विचारू नका. तो नाहीच म्हणणार.

बदलाला वेगळी किंमतही फारशी पडत नाही. पेट्रोल भरायला गाडी थांबणारच आहे, त्याच वेळात सीट बदलून घ्यायची. उलट थकलेल्याला ठेवलं तर वीस फेऱ्यांत अर्ध्या सेकंदानं दहा सेकंद जातात, आणि एकदा गाडी गरकन फिरली की आणखी पंधरा-वीस.

"पण एकट्यानंही चालवलंय की लोकांनी"

चालवलंय. ल मॉंची २४ तासांची रेस १९२३ पासून होते. १९५० मध्ये एडी हॉल या इंग्रज ड्रायव्हरनं अख्खे २४ तास एकट्यानं चालवून आठवा नंबर मिळवला. १९५२ मध्ये पिएर लव्हेग हा फ्रेंच ड्रायव्हर तसाच एकटा बसला, साथीदाराला गाडी देईना. चांगला आघाडीवर होता. शेवटचा तास-सव्वा तास राहिला असताना इंजिन गेलं. थकव्यात गिअर चुकला असं अनेकांचं म्हणणं, इंजिनात आधीपासून खोट होती असं काहींचं. आज त्या रेसमध्ये असं करूच देत नाहीत. कोणत्याही सहा तासांत एकानं चार तासांहून जास्त चालवायचं नाही आणि एकूण चौदा तासांहून जास्त नाही.

गेमवाल्यांनीही हे उचललंय, पण वेगळ्या बाजूनं. 'आयरेसिंग' मध्ये संघाच्या रेसला प्रत्येकानं किमान काही फेऱ्या चालवाव्याच लागतात: सगळ्यांना समान वाटणी केली असती तर जेवढ्या आल्या असत्या त्याच्या चौथा हिस्सा. त्यामुळे एकट्या वाघानं सगळी रेस ओढायची आणि बाकीच्यांनी नाव लावायचं, हे चालत नाही.

मग पोरं मॅक्स व्हर्स्टापेनचं नाव काढतात. मे २०२४ मध्ये त्यानं इमोलाची खरी फॉर्म्युला वन रेस जिंकली आणि त्याच शनिवार-रविवारी संगणकावरची न्युर्बर्गरिंगची २४ तासांची रेसही त्याच्या संघानं जिंकली. खरं आहे. पण 'त्याच्या संघानं' हे शब्द पुन्हा वाचा. आपला तुकडा चालवून तो उठला आणि गाडी सहकाऱ्यांच्या हाती दिली. पोरं यातलं जागरण तेवढं उचलतात, वाटणी सोडून देतात.

भुसावळकरांना हे नवं नाही

ज्या मित्राचं घर भुसावळला आहे त्याचे वडील रेल्वेत. त्या रात्रीचा किस्सा ऐकून ते हसले. भुसावळ जंक्शनला गाडी तीच राहते, डबे तेच, इंजिनावरची माणसं बदलतात. उतरलेली माणसं रनिंग रूममध्ये झोपतात. आणि पूर्वी क्वार्टरमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायला कॉलबॉय यायचा, गाडीच्या वेळेवर नव्हे तर चांगला आधी. कारण झोपेतून उठल्या उठल्या माणूस जागा दिसतो, पण पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, डोकं सुरू झालेलं नसतं.

पोरांनी हीच पद्धत उचलली. आता दर स्टिंटच्या पाऊण तास आधी पुढच्याला फोन जातो, आणि त्यानं कॅमेरा चालू करून तोंड धुतलेलं दाखवायचं. स्टिंट एक तासाचा. चालवून उतरलेल्याला फोनवर गप्पा मारत बसायची बंदी. एकदा पुतण्या उतरल्यावरही सल्ले देत बसला, तर धुळेकराचा आवाज हेडफोनमधून मलाही ऐकू आला: "जपी जाय ना भो आते!" अहिराणी न कळणाऱ्यांसाठी: झोप ना बाबा आता.

बाकी तजवीज घरगुती आहे. रेसच्या रात्री भरीत-पुरीवर ताव मारायचा नाही. वहिनीला हे पटायला वेळ लागला. पाणी हाताशी. कूलरचं तोंड पायांकडे, कारण माइकमध्ये त्याची घरघर जाते. इन्व्हर्टर असला तरी लाइट जाता-येता संगणक बंद पडू शकतो, त्यासाठी छोटा यूपीएस वेगळा. दोन स्टिंटच्या मध्ये उठून गच्चीवर जायचं आणि लांब कुठेतरी बघायचं, म्हणजे डोळ्यांचे स्नायू सैल होतात.

चहा? चालतो, पण वेळ बघून. त्यातलं कॅफीन अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि निम्मं उतरायला पाच तासांच्या आसपास. म्हणून सीटवर बसताना घेतलेला चहा स्टिंटच्या मध्यावर कामाला येतो आणि सीटवरून उठल्यावरही झोपू देत नाही. आमच्याकडे रावेर-सावद्याची केळी घेऊन दिल्लीला जाणाऱ्या गाडीवर दोन ड्रायव्हर असायचे. माल नासतो म्हणून गाडी थांबवता यायची नाही, आणि मालकाला माहीत होतं की चहानं दुसरा ड्रायव्हर तयार होत नाही.

रेस संपल्यावरची गाडी

मला स्वतःला गेमपेक्षा हाच भाग जास्त खुपतो. पडद्यावरची गाडी आदळली तर रेस जाते, बस. पण पहाटे चारला खेळावरून उठलेलं पोरगं सात वाजता खरी मोटारसायकल काढून क्लासला किंवा एमआयडीसीत ड्युटीला निघतं. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे संशोधनात दिसलं आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा आहे ०.०३. म्हणजे थेंबही न घेता पोरगं त्या मर्यादेच्या पुढे असतं, आणि पोलिसाच्या यंत्रात काहीच दिसणार नाही. त्यात पहाटे दोन ते पाच-सहा हा शरीराचा सगळ्यांत मंद वेळ. मोठ्या गाड्या चालवणाऱ्या कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता: सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती. तो किती पाळला जायचा ते मी वहीत पाहिलंय, त्यावर इथे बोलत नाही. पण गेम खेळून निघालेल्याला तर तेवढाही कायदा नाही.

रेसच्या रात्री मोटारसायकलची चावी आता वहिनीकडे असते. दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर मिळते. पुतण्यानं एकदा अकराला मागून पाहिली. वहिनीनं विचारलं, "शेवटच्या दहा फेऱ्यांचे टाइम दाखव."

त्यानं दाखवले नाहीत. रिक्षानं गेला.